ठिपक्याच्या घरातलं अंगुस्तान

नाना, गेल्या महिन्यात टपालाने जुना नकाशा आला. या गावचा, दीडशे वर्षांपूर्वीचा, छापील नक्कल. टपालखर्च धरून अठरा डॉलर. फोनवर तो फुकट दिसतो, पण कागदावर दोरा ठेवून मोजता येतं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी नकाशा उलगडताना तुमच्या शिस्तीप्रमाणे आधी हात धुतले.

अमेरिकेत, श्रूजबरीत मुलीकडे आल्यापासून ह्यांना मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या घरांच्या जागी पुरलेल्या वस्तू शोधायचा नाद लागलाय. जुन्या नकाशात घर म्हणजे ठिपका, शेजारी मालकाचं नाव. आज तिथे रान आहे. ह्यांनी आजच्या रस्त्यापासून अंतर धरलं आणि तीन शनिवार बाटल्यांची बुचं उकरली. मी म्हटलं, "रस्त्यावरून नका मोजू." तर म्हणतात, "मॅट्रिकच्या भूगोलावर अमेरिका मोजणार का?" म्हटलं, "मोजणीदाराची मुलगी आहे मी." डोळ्यांपुढे तुम्ही आलात, आपल्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून सांगताय, "रस्ता सरकतो गं. ओढ्यांचा संगम आणि स्मशान सहसा जागा सोडत नाहीत." त्या दोन खुणांवरून दोरा धरला. रस्ताच मध्ये कधीतरी सरळ केलेला निघाला. इथे पूर्वी दारात लावत त्या लायलॅकच्या फुलझुडपामागे तळघराचे दगड होते, आणि यंत्र ओरडायला लागलं.

रान एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांची एकच अट होती: निघेल ते आधी मला दाखवा, ते माझ्या आजीचं घर. बटणं आणि चमचा दाखवला. चमचा त्यांनी छातीशी धरला, बटणं आम्हाला दिली. तिथेच निघालेलं शिवणाचं चांदीचं अंगुस्तान मात्र माझ्या बोटात नेमकं बसलं, आणि ते स्वेटरच्या खिशातच राहिलं.

सात वर्षांची असताना तुमच्याबरोबर मोजणीला आले, तेव्हा कुणाच्या शेतातला भोकाचा पैसा उचलून आणला होता. तुम्ही ताटावरून उठवून तीन मैल परत चालवलंत. "ज्याचं शेत, त्याचं."

या अंगुस्तानानं मी बाळकृष्णाचं झबलं शिवलं. आज पूजेत ते घालवेना, जुनंच घातलं. हे म्हणाले, "अगं, एवढंसं तर आहे." पैसाही एवढासाच होता.

शनिवारी नेऊन देणार आहे. बाई विचारतील, इतके दिवस कुठे होतं? "आत्ताच सापडलं" हे इंग्रजीत दोनदा पाठ करून झालंय, नाना. हे पत्र नकाशाच्या घडीतच राहील, माहीत आहे. तरी शनिवारच्या आत, तेच म्हणू की खरं सांगू, उलट टपाली कळवा.