यमूचं पान

प्रिय कुसुम,

तुझ्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. काल तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, आणि आता उत्तर लिहायला बसले आहे. उशीर झाला, ठाऊक आहे.

तू लिहिलं होतंस, “ताई, यमू चणे खाऊ लागली!” मी मनात म्हटलं, सात वर्षांच्या मुलीनं चणे खाल्ले, यात कळवण्यासारखं काय? भात, रताळं, आणि आता चणे. तिचे वडील गेल्यावर एकेका जिनसासाठी तू एकटीनं वर्ष वर्ष घालवलंस. मी मात्र लेकीला लाडावल्याबद्दल तुलाच बोलत राहिले.

तू गेल्यावर मी चांद्याहून आले ती शिस्त घेऊनच. पितळी ताट, त्यात वरणभात कालवलेला. यमू कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसली. म्हटलं, भूक लागली की खाईल. नाही खाल्लं गं! थोडं पाणी, मूठभर चणे, बस. फ्रॉक खांद्यावरून घसरू लागला, तरी मी हटले नाही.

शेजारची सखूबाई दोनदा सांगायला आली. “बाई, पोरीले काऊन उपाशी मारता? तिची माय...” मी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. शिकलेली ना मी! शाळा चालवते ना!

काल भिंतीशी तुझ्यासाठी पळसाच्या पत्रावळीवर पान वाढून ठेवलं होतं. भात एकीकडे, रताळं दुसरीकडे, कशाला काही लागलेलं नाही. यमू आली, बसली आणि जेवू लागली. वडे तिनं तेवढे बाजूला सारले.

तुझी चुलतसासू ओरडली, “अवं, मेलेलीच्या पानावरचं खाऊन राह्यली पोरगी! उचला तिले!”

“हात लावू नका,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तेरा दिवसांनी ती पोटभर जेवत होती, कुसुम!

सखूबाई हळूच म्हणाली, “ताटाचा खणखणाट सोसत नाई तिले. अन् कालवलेलं त चालतच नाई. हेच सांगून राह्यली होती मी तुम्हाले.”

हे तू मला कधी लिहिलं का नाहीस? की लिहिलं होतंस, आणि मी वाचताना चुका तपासत बसले?

थकले आहे गं. तुझ्यावर रागावायचंही त्राण नाही.

परवा यमूला घेऊन चांद्याला निघते. शाळेमागे दोन पळस आहेत. ते निष्पर्ण होतील तेव्हासाठी सखूबाईनं वाळलेल्या पत्रावळींची चळत बांधून दिली आहे, आणि मला शिवायलाही बसवलं. माझ्या पहिल्या पत्रावळीच्या काड्या निसटल्या. सखूबाई हसली, “कॉलेजात हे नाई शिकवलं वाटते, बाई?”

दुसरी टिकली. आज सकाळी यमू तिच्यावर जेवली.

ती नवं काही खायला लागली की तुला कळवीन. एक दाणा असला तरी.

तुझी,
ताई