फिलूच्या वाडीचं पाणी

१० मार्च
पहाटे परत रहाटाचा आवाज. आमच्या वाडीतला रहाट बंद होऊन किती काळ लोटला! उठून खिडकीशी गेलो. बावखल होती तिथे सायमनच्या गाड्या उभ्या. पुतण्याच तो. वाट्याला आलेलं तळं त्यानं भराव टाकून बुजवलं. एवढ्या मातीखालून पाणी ओढतंय कोण?

१३ मार्च
शेजारची फिलू आली होती. तिची विहीर खारी झाली. बावखलीमुळे गोडं पाणी मुरायचं, आता खाडी आत सरकते. अळू करपलं, मोगऱ्याला कळी नाही. नवरा, सांतान, गेल्यावर याच वाडीवर तिनं पोरींना शिकवलं. धाकटीचं नर्सिंग अजून चालू. "काका, तुमच्या विहिरीचा एक पाइप द्या. पावसापर्यंत." हो म्हणणार होतो. पण विहीर सायमनची नि माझी, सामायिक. विचारतो म्हटलं.

१४ मार्च
सायमन नाही म्हणाला. उद्या हक्क सांगतील, जागा विकताना कटकट. वर, "गरिबांचं असंच असतं अंकल. मेहनत नको, फुकट हवं." फिलू कुंपणापलीकडे रोपांना हंड्यानं पाणी घालत होती. ऐकलं असणार.

२१ मार्च
रहाट. आज सांतानचा आवाजही, त्यात मिसळलेला. पूर्वी उन्हाळ्यात सगळी घरं मिळून बावखलीचा गाळ काढायची. कमरेइतक्या चिखलात मी शाळेतल्या कविता म्हणायचो, सांतान भलतेच शब्द घालून साथ द्यायचा. बायका हसून हसून टोपली सांडायच्या. पुढे वाटे पडले. ज्याचा त्यानं काढायचा, असं ठरलं. मग कुणीच काढला नाही...

२ एप्रिल
फिलू आता सकाळच्या बसनं एव्हरशाईनच्या बिल्डिंगांत जाते, लोकांच्या घरी स्वयंपाकाला. धाकटी नर्सिंग सोडून वाडीत. "एक वर्ष थांबते म्हणते. थांबलेली पोर परत जाते का, काका?"
कवितांच्या इतक्या ओळी पाठ. एकही कामाची नाही.
मेहनत म्हणे. मी रहाट ऐकून जागा होतो, तेव्हा तिच्या घरात दिवा असतो. माझ्या आधीचा.

५ एप्रिल
दुपारी सायमन बाहेर. पाइप कुंपणातून सारला, मोटर लावली. धाकटीनं मोगऱ्याची आळी उकरली. फिलू नुकतीच कामावरून आलेली, पिशवी खांद्यालाच. ओंजळ धरली, प्यायली. थांबली.
"काका, तुम्ही हे पिता?"
मीही प्यालो. मला रोजच्यासारखंच लागलं. रोज थोडं थोडं बदललं असेल तर जिभेला काय कळणार?
बंद करायला वळलो तर म्हणाली, "राहू दे. आमच्यापेक्षा गोडं आहे. जेवढं मिळतं तेवढं घेऊ."
सायमनला सांगायला हवं. फाटकाशी त्याची गाडी वाजली आत्ता. मोटर चालूच आहे.