एक्केचाळीस हसरे चेहरे

बसवनगुडी, बुधवार

चि. आसावरीस शालनमावशीचे अनेक आशीर्वाद.

परवा शुक्रवारी डॉक्टर तुझ्या काकांच्या गोळ्या निम्म्या करणार आहेत आणि चूक माझी आहे, म्हणून हे पत्र. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. (फोन केला असता, पण तू "हो मावशी, हो मावशी" म्हणत तिकडे मीटिंग चालू ठेवतेस.)

तुमच्या कंपनीचं ते मनाच्या तब्येतीचं ॲप तू यांच्या फोनमध्ये घालून दिलंस. पहिल्याच सकाळी त्यानं विचारलं, "वासुदेव, आज तुला कसं वाटतंय?" हे भडकले. "मला एकेरीत हाक मारणारा हा कोण?" (छत्तीस वर्षांत मीसुद्धा मारलेली नाही.) फोन पालथा घातला तो घातलाच. आता मी जन्मभर शाळेत हजेरी घेतलेली बाई, रिकामा रकाना मला बघवत नाही. यांच्या वतीनं मीच रोज हसरा चेहरा दाबत गेले. यांनी पोहे संपवले तरी हसरा, टाकले तरी हसराच, कारण रडका दाबला की ॲप आणखी अकरा प्रश्न विचारतं आणि माझा कुकर गॅसवर असतो. एक्केचाळिसाव्या दिवशी ॲपनं फुगे सोडले. गेल्या आठवड्यात डॉक्टर ॲपमधले ते चेहरे बघून म्हणाले, "छान सुधारणा!" हे शेजारी मान खाली घालून बसले होते.

घरी येऊन मी कागद घेतला. पोस्टात हेडक्लार्क असताना आलेल्या पत्राला उत्तर दिल्याशिवाय हे कधी उठले नाहीत. लिहिलं, "महोदय, आपला दिवस कसा जातो, ते कळविण्याची कृपा करावी." संध्याकाळी उत्तर हजर, जावक क्रमांकासह: "दिवस जात नाही. बागेत जाण्यास निघतो व फाटकापासून परत येतो." सहा दिवसांत अशी सहा पत्रं. दवाखान्यातली मुलगी कागद घेत नाही, "ॲपमध्येच हाकी, आंटी" म्हणते, म्हणजे कानडीत 'त्यातच घाला'. तेव्हा शुक्रवारच्या आत ती पत्रं तू त्यात घाल आणि माझे सगळे चेहरे खोटे म्हणून नोंदव. डॉक्टरांना तोंडानं मी सांगेनच. आणि त्या ॲपला आधी "वासुदेवराव, आपण" म्हणायला शिकवा. ॲपवर माणसं टिकत नाहीत म्हणून फुगे कसले वाढवता!

तुझी मावशी,
शालन

ता. क. सातवं पत्र यांनी आपण होऊन माझ्या नावे काढलंय. "सौ. शालन यांच्या प्रकृतीची विचारणा कोणीच केलेली नाही. त्या नळ सोडून रडतात. माहितीस्तव." कांदा चिरत होते, असं मी लेखी कळवलं. ते "असमाधानकारक" असा शेरा मारून परत आलं. शुक्रवारी डॉक्टरांकडे माझंही नाव लाव.

रिक्षावाले मंजुनाथअण्णा यांच्या हाती दिले: यांची पत्रे सात, माझे उत्तर एक (शेऱ्यासह), फोन एक. पोचल्याची सही द्यावी.