मधल्या खोलीची किल्ली

मी, मच्छिंद्र भागुजी शेलार, वय ६९, धंदा शेती, राहणार वडगाव रासाई, ता. शिरूर, जि. पुणे, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. परत आलो तर मधल्या खोलीच्या भिंतींचा गिलावा मीच फोडीन. नाही आलो तर हे वाचावे.

१. नदीकडचे दोन एकर मुलगा इंद्रजीत व मुलगी वैष्णवी यांना निम्मे निम्मे. वैष्णवीने हक्कसोड द्यावी असे कोणी सुचवल्यास त्याला उंबऱ्याबाहेर बसवावे.

२. घर इंद्रजीत व सून सुलक्षणा या दोघांच्या नावे, पण मधल्या खोलीची अट आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे रचलेल्या ठिबकच्या नळ्या शॉर्टसर्किटने पेटल्या. आग लवकर विझली. वैष्णवीची हळद नऊ दिवसांवर होती. सुलक्षणा म्हणाली, "आबा, प्लास्टिकची काजळी हाय. वलं फडकं मारू नका, भितीत मुरती. आदी कोरडी उचला, मग धुवा. न्हाई निघाली तर गिलावा काढा."

"पाव्हणं काळ्या भिती बघत्याल व्हय?" म्हणत मी ओले फडके मारून वर दोन हात रंग दिला. हळद झोकात झाली.

माझी पत्नी धुरपदा त्याच खोलीत झोपायची. पावसाळ्यात रंगातून पिवळे डाग फुटायचे, धुराचा वास सुटायचा आणि ती खोकत बसायची. दीड वर्षात गेली. "घरात धूर होतो का?" असे डॉक्टरांनी विचारले होते. मी "न्हाई" म्हणालो. ते माझ्या जिवाला लागून राहिले आहे.

आता इंद्रजीत तिथे आपल्या आठ महिन्यांच्या बाळाचा, साईचा, पाळणा टांगायला निघालाय. "आबा, रंग कसा चकाचक हाय!" म्हणतो. म्हणून मी कुलूप घातले. विटेपर्यंत गिलावा काढून, खोली धुवून, नवा गिलावा वाळेपर्यंत तिथे लेकरू निजवू नये. कसे करायचे ते सुलक्षणा सांगेल. तोवर इंद्रजीतला घराचा हक्क मिळणार नाही.

३. उरलेली डिस्टेंपरची बादली चुलतभाऊ आण्णा यास. "दोन हातात झाकतंय बग," असे तोच म्हणाला होता. त्याच्या घरी झाकण्यासारखे पुष्कळ आहे. दोष मात्र माझा.

४. किल्ली माझ्या करदोड्याला बांधली आहे. करदोडा दवाखान्यात तोडतील, नाहीतर मसणवाट्यात. कुठेही तोडला तरी किल्ली सुलक्षणाच्याच हाती द्यावी. पोरी, तुझं तवाच ऐकाया पायजे व्हतं.

सही: मच्छिंद्र भागुजी शेलार

आमच्यादेखत वाचून सही केली:
भिमाजी रामभाऊ पवार, वडगाव रासाई
गौतमी सुरेश कांबळे, यवत

वडगाव रासाई, शनिवार, १४ जून २०२५