म्हैसूरच्या दसऱ्याची जोडीदारीण

१ सप्टेंबर ७१, बुधवार
सोसायटीच्या आप्पासाहेबांनी पारावर सांगितलं, म्हैसूरच्या दसऱ्याला बायकांची खास गाडी न्यायची. हत्ती, अंबारी, राजवाड्यावर लाइटच लाइट. उभा जन्म गावची जत्रा बघितली. तेच रेवडीवाले, तोच धुरळा. आता एकदा तरी जग बघायचं. मी जाणार. ठरलं. अट एकच, दोघी-दोघींची जोडी पाहिजे. एक स्टोव्ह, एक वळकटी. एकटीला सीट न्हाई. मला काय अडचण? सगळ्या माझ्याच मागं लागतील.

३ सप्टेंबर
शेजारची छबू विचारायला आली. तोंडावर सांगितलं, तू घोरतीस. मला लपवाछपवी जमत न्हाई. ती म्हणाली, बरं. समजूतदार बाई.

६ सप्टेंबर
जाऊ मुक्ता. तिनं विचारलं न्हाई, पण विचारणार हुती. आधीच सांगून टाकलं, तुझ्या हाताला मिठाचं माप न्हाई. म्हणाली, आक्का, मी रंगूबरोबर कवाच नाव दिलं. रागानं बोलली असणार.

११ सप्टेंबर
नवरात्रात घरात घट असतो. नऊ दिवस दिवा विझता कामा नये. पण सासूबाई हायत की. गुडघे गेलेत, कान तर पार गेलेत. मी कितीबी हाका मारल्या तरी वळून बघत न्हाईत. कानाशी ओरडून सांगितलं, तुमी दिव्यापाशी बसा, तेवढंच जमंल तुमाला. मालक म्हणाले, तिला विचार तरी. विचारायचं काय त्यात?

१४ सप्टेंबर
छबू ओट्यावर सासूबाईंशी कुजबुजत हुती. मी गेले तर दोघी गप्प. बहिऱ्या माणसाशी कुजबुजून उपयोग काय? छबूला अक्कल कमी.

१७ सप्टेंबर, शुक्रवार
उद्या नावं बंद. मन मोठं केलं. छबूकडं जाऊन म्हटलं, घोर किती घोरायचं ते, तुलाच नेते. म्हणाली, आक्का, माझी जोडी झाली. तुमच्या सासूबाई.
घरी आले. ओरडायचं त्राण न्हवतं. हळूच विचारलं, तिचं घोरणं कसं सोसणार? लगेच उत्तर आलं. म्हणाल्या, अगं झुंबर, छबूचं घोरणं रातीपुरतंच असतं.
कान आपोआप बरे झाले. देवीची कृपा.

२५ सप्टेंबर
गाडी गेली. सासूबाई एका दमात पायऱ्या चढल्या. मुक्तानं खिडकीतून सांगितलं, आक्का, दिवा सांभाळा. मी वळकटी बांधूनच नेली हुती, एखादी ऐन वेळी उतरली तर म्हणून. कुणी उतरली न्हाई. बरंच झालं. गर्दीत हत्ती बिथरतात. आणि घट सोडून जाणारी बाई मी न्हवंच.

२९ सप्टेंबर, दसरा
दिवा विझू दिला न्हाई. सांगायला घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. तिन्हीसांजेला ताटात आपट्याची पानं घेऊन ओट्यावर बसले. सोनं द्यायला येणाऱ्या बायका सगळ्या म्हैसुरात. गडी माणसं आली, रस्त्यातच मालकांच्या हातात पानं दिली, पाया पडली, पुढं गेली. मालक त्यांच्याबरोबर देवळाकडं गेले.
पुढच्या साली जगन्नाथाचा रथ बघायचा. तिथं जोडी लागत न्हाई.
अंधार पडला. पानं घेऊन गोठ्यात गेले. म्हशीला म्हटलं, सोनं घे, सोन्यासारखी राहा. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.