मयताच्या नावाचं भाडं

३ फेब्रुवारी
बाजारात बोंब — गाळे गहाण पडले! शेजारचा चिंधा टोपल्या आवरायला लागला. मी पेपर दोनदा वाचला. गाळे नाही, गाळ्यांचं भाडं गहाण आहे. जुना बाजार पाडून नवा बांधायला नगरपालिका कर्ज काढतेय. आपलं भाडं आधी वेगळ्या खात्यात, त्यातून बँकेचा हप्ता, उरेल ते पालिकेला. चिंध्याला समजावलं. तो म्हणाला, "म्हंजे गाय नही, दूध गहान शे." बरोबर बोलला.

९ फेब्रुवारी
ठरावात शब्द आहे 'तारण'. गहाणापेक्षा बरा. त्यात तारणं तरी आहे.

१४ फेब्रुवारी
जळगावहून बँकेचा माणूस आला. भाडं तारण घ्यायचं तर भाडेकरू कोण ते बघायला. वसुलीचे रतिलालभाऊ नावं वाचू लागले आणि अख्खा बाजार हसला. निम्मे भाडेकरू स्मशानात! चिंध्याचा बाप वना. माझे हे. बँकवाल्याने पेन खाली ठेवलं — मेलेल्यांचं भाडं तारण कसं घेऊ? महिनाअखेरपर्यंत वारसाचं नाव लावा, नाहीतर गाळा लिलावात.

१५ फेब्रुवारी
गाळा गेला तर मी काय करू? दोर-सुतळीशिवाय मला दुसरं काही विकता येत नाही.

पण नाव बदललं नाही ते आळसाने नव्हे. दर महिन्याला रतिलालभाऊ खिडकीतून हाक मारतात — पितांबर तोताराम! मी पुढे होते. आता ते नाव मोठ्याने दुसरं कुणी घेत नाही. मी तर कधीच घेतलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती आमच्यात.

२३ फेब्रुवारी
मुलगा धुळ्याहून येऊन ना-हरकतीवर सही करून गेला. अर्ज दिला. रतिलालभाऊंनी विचारलं, मयताचं नाव? अर्जात होतं, तरी तोंडी सांगावं लागतं म्हणे. जीभ उचलेना. मागून चिंधा हळूच म्हणाला, "सांग ना अक्का. त्यासले राग येवाव नही."
सांगितलं.

७ मार्च
बँकेने कर्ज नाकारलं. नवा बाजार नाही, लिलाव नाही. जुनीच नावं चालतील. चिंध्याने अर्ज दिलाच नव्हता, त्याचा बाप अजून भाडं भरतोय! रतिलालभाऊ म्हणाले, तुम्ही उगाच घाई केली, अक्का.
घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. नाव घेऊन.