कमानीतली पोकळी

४ मार्च
पोचले. पूल फोटोतल्यापेक्षा देखणा आहे. अमेरिकन अमदानीतला, एकाच कमानीत नदी ओलांडणारा. काँक्रीटमध्ये सळ्या घालायची कला इथं नवी होती तेव्हाचा. पाडायचा ठराव रद्द झाला, दुरुस्ती माझ्यावर सोपवलीय, म्हणून गाव खुशीत आहे. घरमालकीण मानांग सेपांनी (मानांग म्हणजे ताई) बागनेत, म्हणजे कुरकुरीत तळलेलं डुकराचं मांस, वाढलं आणि मी फार बारीक आहे म्हणून पुन्हा वाढलं. इथं बरं वाटणार मला.

५ मार्च
परांचीवर चढून कमानीच्या पोटाला हातोडीनं ठोकत गेले. चांगलं काँक्रीट खणखणतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. माथ्याजवळचा एक भाग बद्द. खडूनं घेरून ठेवला. तेवढाच काढायचा, सळ्यांचा गंज खरवडायचा, जुन्या रंगाचा माल भरायचा. मुकादम मानोंग तिबो (मानोंग म्हणजे दादा) खालून म्हणाले, "मॅडम, इतकं दार वाजवू नका. आतला उठेल." सगळे हसले. मीही.

७ मार्च
खडूच्या रेघेच्या आत आज खणखणीत आवाज. बद्द जागा हातभर सरकलीय. मीच चुकले असेन म्हणून पुन्हा ठोकलं. मी थांबले, तरी आतून ठोकणं चालूच राहिलं.

मानोंग तिबोंनीही ऐकलं. खाली उतरल्यावर सांगितलं. त्यांचे चुलत आजोबा आंदोय या पुलावर मजूर होते. काँक्रीट ओतायच्या दिवशी दिसेनासे झाले. हवाईला उसाच्या कामावर पळाला, असं बांधकामावरच्या साहेबानं घरी कळवलं. एक चिठ्ठीसुद्धा धाडली नाही म्हणून घरचे मरेपर्यंत त्यांना शिव्या देत राहिले.

"तो कुठंच गेला नव्हता, मॅडम. काढू या त्याला."

८ मार्च
माथा फोडला तर कमान बसेल, असं परोपरीनं सांगितलं. मानोंग तिबो ऐकेनात. त्यांनी छिन्नी चालवली.

हाडं नाहीत. नुसती पोकळी. खांदे, मान, वर केलेला हात. माणसाचा साचा. आतून गरम—

९ मार्च
मानोंग तिबो आले नाहीत. घरीही नाहीत. चपला परांचीवर. भोक निम्मं बुजलंय. माल कुणीच भरलेला नाही. आत कुणीतरी ठोकतंय. हाका मारल्या. मजूर पळाले—

हात घातला, पार खांद्यापर्यंत. बोटं लागली. मानोंग तिबोंनी माझा हात घट्ट धरला. जिवंत आहेत! रडूच आलं. ओढतेय, पण—

वही कमानीला टेकवून डाव्या हातानं लिहितेय. भोक दंडाभोवती आवळतंय—

काठावरून हाक. पाद्रींना घेऊन कुणीतरी अनवाणी धावत येतंय. मानोंग तिबो. मानोंग तिबोच—

मग माझा हात कुणी